आजीच्या कपाटाला हात लावण्याआधी

पोरी, कंधारच्या वाड्यातलं तुझ्या आजीचं कपाट तू पुण्याला न्यायचं ठरवलंस, हे बेस केलंस. भंगारवाल्यानं त्याचा भाव सरपणाच्या हिशेबानं लावला होता. पण फोनवर तू पहिलाच प्रश्न विचारलास, "मामा, कितव्या नंबरचा पॉलिश पेपर आणू?" तिथंच जरा थांब. पेपर फार पुढची गोष्ट आहे, आणि घासायचं की नाही हेच अजून ठरलेलं नाही.

माझा जन्म नांदेडच्या लाकडाच्या वखारीत गेला. मी काही सुतार नव्हे, पण वखारीच्या मागं एक उस्ताद बसायचे, जुनं सामान दुरुस्त करणारे. कोणी पलंग, तख्तपोस, आरामखुर्ची घेऊन आलं की ते आधी दोन दिवस नुसते बघायचे. गिऱ्हाइकानं घाई केली की म्हणायचे, "पहले देखो, फिर छेडो." पुढं जे सांगतोय त्यातलं निम्मं त्यांचं आहे.

तर आधी बघ. दिवाणखान्यातल्या प्रकाशात समोरून बघून काही कळत नाही. खण बाहेर काढ, उलटा कर. कपाट भिंतीपासून सरकवून पाठ बघ. जिथं कधी पॉलिश लागलं नाही तिथं चाकूच्या टोकानं नखभर खरवड. सोनेरी-तपकिरी लाकूड निघालं, हाताला जरा तेलकट लागलं आणि चामड्यासारखा वास आला तर साग. जांभळट काळपट नि हाताला भलतंच जड लागलं तर शिसव. लालसर आणि टणक असेल तर बाभूळ; आपल्याकडं ती बैलगाडीला नि औताला जायची, पण गरिबाघरच्या पेट्याही तिच्या असत. एकाच कपाटात तीन जातीची लाकडं सापडली तर दचकू नको. दर्शनी भाग सागाचा, पाठीला आंब्याच्या फळ्या, हा जुना हिशेबी रिवाज आहे.

आपल्या भागातला जुना साग बहुतेक किनवट-माहूरच्या आणि आदिलाबादच्या जंगलातला. किनवट तालुका 1956पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता, त्यामुळं लाकडाच्या व्यापाऱ्याला ते एकच रान. 1900 साली मनमाड-हैदराबाद मीटरगेज सुरू झाली नि नांदेड हैदराबादला जोडलं गेलं. म्हणून आपल्याकडच्या वाड्यांत मराठवाडी सुतारानं केलेली साधी धिप्पाड कपाटं भेटतात, तशी हैदराबादी धाटणीची, वर कमान नि बारीक नक्षी असलेलीही भेटतात. तुझ्या आजीचं कपाट पहिल्या जातीचं आहे. त्याला नक्षी नाही म्हणून कमी समजू नको. त्याच्या खणांचे कोपरे बघ, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसा सांधा आहे, आणि एकही दात दुसऱ्यासारखा नाही. हातानं कापलेला आहे तो. फिरकीचे खिळेही बघ. डोक्यावर एकच सरळ चीर असेल तर जुने. अधिकच्या खुणेचा स्टार स्क्रू अमेरिकेत 1930च्या दशकात आला, आपल्याकडं रुळायला त्याहून बराच काळ गेला. तो दिसला तर तिथं नंतर कोणीतरी हात घातलाय असं समज. पाठीला प्लायवूड असेल तर तेही नंतरचं.

बघून झालं की झाडणं. हे किरकोळ वाटतं, पण वाड्यातल्या सामानाला इथंच इजा होते. कपाट माळवदाखाली उभं होतं. माळवदावरची पांढरी माती पिढ्यान्‌पिढ्या पिठासारखी खाली गळत राहते, आणि सागाची रंध्रं मोकळी असतात, त्यांत जाऊन बसते. त्यावर ओलं फडकं फिरवलंस की तिचा चिखल होतो, रंध्रांत वाळतो, नि पुढं पॉलिश केल्यावर पांढऱ्या रेघा उठतात. म्हणून आधी कोरडा मऊ ब्रश, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, आणि ब्रशमागं व्हॅक्यूम क्लीनरची नळी. नंतरच कोमट पाण्यात थोडा साबण घालून, घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसायचं, आणि लगेच कोरडं करायचं.

माळवद म्हणजे तुळयांवर मातीचा थर टाकलेलं सपाट छप्पर, हे आता तुला सांगावं लागतं, कारण तशी घरंच फारशी उरली नाहीत. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, लातूर-उस्मानाबादकडची माणसं दगडाच्या भिंती आणि माळवदाच्या मातीखाली गेली. त्यानंतर जुन्या घरात झोपायची धास्ती बसली ती कायमची. घरं पाडावी लागली, त्याचं दुःख आहे पण तक्रार नाही. मात्र घराबरोबर तुळया, खांब, दारं, भिंतीतली फडताळं मातीमोल गेली, त्यातलं पुष्कळ वाचवता आलं असतं. म्हणून एक कपाट राहतंय याचं मला एवढं अप्रूप.

आता कीड. वाळवी आणि भुंगेरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाळवी जमिनीतून येते, मातीच्या नळ्या करत, आणि सागाचा गाभा सहसा खात नाही. पण सुतारानं काटकसर म्हणून बाहेरचं पांढरं लाकूड वापरलं असेल तर तेवढंच पोखरते. पाठीच्या आंब्याच्या फळ्या तर तिचा खाऊच. भुंगेरा आतून बारीक गोल भोकं पाडून बाहेर येतो. भोकं दिसली म्हणजे कीड जिवंत आहे असं नाही, ती पन्नास वर्षांपूर्वी येऊन गेलेली असू शकते. कपाटाखाली काळं कापड अंथर आणि हलवू नको. काही दिवसांनी त्यावर ताजं पिवळसर पीठ पडलं तर कीड चालू आहे. औषध म्हणून टाकणखार आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून दोन-तीन हात ब्रशनं द्यावेत. पण हे पाणी उघड्या लाकडातच मुरतं, पॉलिशवर नुसतं ओघळतं, म्हणून पाठ, तळ, खणांची आतली बाजू. भोकांत औषध घालायचं तर सुई लावलेली पिचकारी घे. रॉकेल फासण्यानं घरभर वास तेवढा राहतो.

यापुढचं जरा मन लावून ऐक, कारण आपल्या भागातल्या जुन्या लाकडाचा निम्मा नाश यात झालाय. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. नांदेडचा मे महिना बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा, हवा कोरडी ठणठणीत. श्रावण-भादव्यात तीच हवा ओली. हातभर रुंद सागाची फळी या दोन टोकांमध्ये दोन-तीन मिलिमीटर तरी कमीजास्त होते. सागाचं हे, इतर लाकूड याहून चळवळं. जुन्या सुताराला हे ठाऊक होतं, म्हणून त्यानं दाराची फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवली, चिकटवली नाही. तिला फुगायला-आकसायला जागा ठेवली.

आता होतं काय, की उन्हाळ्यात फळी आकसते, कडेला फट दिसते, घरमालक मिस्त्री बोलावतो, मिस्त्री फटीत फेविकॉल नि भुसा कोंबतो. भादव्यात फळी फुगायला जाते, जागा नसते, नि मधोमध उभी तडकते. मग लोक म्हणतात जुनं लाकूड कुजलं. कुजलं नाही, कोंडलं. तसंच उलटं. सध्या श्रावण चालू आहे, तुझ्या कपाटाचा खालचा खण अडकतोय, तू मला म्हणालीस रंधा मारून घेते. मुळीच मारू नको. आत्ता रंधा मारलास तर चैत्रात तो खण खुळखुळेल, नि काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. खणाच्या कडांना नि पट्ट्यांना मेणबत्ती घास, कोरडी. सरकायला लागेल. होळीनंतरही अडकत राहिला तरच रंध्याचं बघू.

म्हणून कामाची वेळ दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. तेव्हा हवा ना फार ओली ना फार कोरडी. तोवर कपाट पुण्याच्या घरात नुसतं उभं राहू दे. पुण्याची हवा आपल्यापेक्षा वेगळी, त्याला तिथं मुरू दे. एसीच्या झोतासमोर नको, खिडकीतल्या उन्हात नको. "वाळू दे जरा" म्हणून गच्चीवर उन्हात ठेवलेली दारं मी पत्रावळीसारखी वाकलेली पाहिली आहेत.

डाव्या दारावर निळा ऑइलपेंट आहे, कोणा काकानं दिवाळीत मारलेला असणार. तो काढायचा, पण जपून. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगात ते 90 पीपीएमपेक्षा जास्त नको हा नियम आपल्याकडं 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नको. तुझ्या घरात लहान लेकरू आहे. म्हणून हा रंग कोरडा घासायचा नाही, दिव्यानं जाळायचा तर अजिबात नाही. रिमूव्हर लावायचा, रंग मऊ झाला की पत्र्याच्या पातीनं ओलाच खरवडायचा, खपल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत बांधायच्या. उघड्या जागी, तोंडाला चांगला मास्क, हातमोजे, लेकरू आजीकडं. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं रंग झटकन निघतो असं कोणी सांगेल. निघतो खरा, पण साग काळवंडतो, सांध्यांतला सरस सुटतो आणि सोडा लाकडातच राहून पुढं वर्षभर पॉलिश उडवत राहतो.

बाकीच्या भागावर जे काळं-तांबडं मळकट दिसतं, ते मूळ पॉलिश असण्याची शक्यता जास्त. कोपऱ्यात न दिसेल अशा जागी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून अर्धा मिनिट टेकव. बोळा तांबूस झाला, जागा चिकट लागली, तर लाखेचं पॉलिश. मग खरवडायची गरजच नाही. काळपट थर बहुधा चुलीच्या धुराचा नि तेलकट हातांचा असतो. फडक्यावर थोडं टर्पेंटाइन घेऊन तो उतरव, खालून जुनं पॉलिश निघेल. तेच ठेव. कडीभोवती तुझ्या पणजीच्या, आजीच्या हातांनी जो गुळगुळीत काळसर भाग झालाय, तो घासून काढलास तर कपाट नव्या दुकानातलं दिसेल, आणि नव्या दुकानातलं कपाट तुला हवं असतं तर एवढा टेम्पो कशाला केला असतास?

सांधे. मागचा उजवा पाय हलतोय. त्यात खिळा ठोकायचा मोह आवर. खिळ्यानं आठ दिवस घट्ट वाटतं, मग लाकूड हलतं, खिळा हलत नाही, नि कुसू, म्हणजे सांध्यात बसणारं लाकडाचं टोक, फाटतं. जुने सांधे सरसाचे आहेत. सरस जनावराच्या कातड्या-हाडांचा, गरम पाण्यानं मऊ होतो, म्हणून सांधा उघडता येतो. गरम पाण्यात पिळलेलं फडकं सांध्याभोवती गुंडाळून ठेव, वाफ लागू दे, मग लाकडी मोगरीनं अलगद ठोक. मध्ये लाकडाचा तुकडा धर, थेट मारू नको. सुटला की जुना सरस गरम पाण्यानं पूर्ण धुऊन काढ. फेविकॉल आपल्याकडं 1959ला आला, चांगली वस्तू आहे, पण जुन्या सरसावर तो धरत नाही, आणि एकदा लावला की पुढच्या पिढीला सांधा सोडवता येत नाही. माझं मत विचारशील तर जुन्या सामानाला सरसच. रात्री थंड पाण्यात भिजव, सकाळी डब्यात घालून तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेव. उकळू द्यायचा नाही, साठ-पासष्ट अंशांच्या वर गेला की त्याची ताकद जाते. क्लॅम्प नसेल तर सुती दोरीचे दोन वेढे घे, त्यात काठी अडकवून पीळ दे, काठी टेकवून ठेव. रात्रभर. उस्ताद आयुष्यभर दोरीवरच काम करत आले.

कुठं लाकडाचा तुकडाच उडालाय तिथं भुसा-फेविकॉलचा लगदा भरू नको, त्याला पॉलिश चढत नाही, कायम डाग दिसतो. आरा मशीनवर किंवा वखारीत जुन्या सागाचा तुकडा माग, रेषा जुळवून चिपट बसव. टाचणीएवढ्या भोकांना रंगीत मेण पुरे.

खिळ्यांभोवतीचे काळे डाग लोखंड आणि लाकडाच्या तुरट रसाचे. ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य पाण्यानं ते फिके होतात, पण ते विष आहे, मोजे घाल नि नंतर जागा साध्या पाण्यानं नीट पूस. स्क्रू हलत नसेल तर त्याच्या डोक्यावर गरम सोल्डरिंग आयर्न मिनिटभर टेकव, निवू दे, मग फिरव. पितळी कड्या काढून वेगळ्या साफ कर. लाकडावर असताना पितांबरी लावलीस की भोवती पांढरी कड राहते. आणि कुलपाची किल्ली नाही म्हणून कुलूप फोडू नको. नांदेडच्या इतवाऱ्यात जुनं कुलूप उघडून किल्ली घडवणारे अजून बसतात.

आता पॉलिश. चपडा लाख आण. पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवर बसणाऱ्या बारीक किड्यांपासून ती मिळते. लिटरभर स्पिरिटला दीडशे ते दोनशे ग्रॅम, काचेच्या बरणीत, रात्रभर, अधूनमधून हलवायची. लोखंडी डब्यात नको, लाख काळी पडते. दुकानातलं तयार पॉलिश किती जुनं आहे ते कळत नाही. काचेवर थेंब टाकून बघ, तासाभरानंही चिकट राहिला तर ते फेकून दे. विरघळलेली लाख सहा महिन्यांत म्हातारी होते. जुन्या मलमलीत कापूस बांधून पोटली कर, पोटलीत लाख मुरव, बाहेरून ओली ठिबकणारी नको. लांब सरळ हात, कडेपासून कडेपर्यंत, नि मध्ये थांबायचं नाही. थांबलीस तिथं खालचा थर विरघळून पोटली चिकटते आणि ठसा उठतो. एका दिवसात तीन-चार पातळ हात बास. दुसऱ्या दिवशी 400 नंबरच्या पेपरनं नुसतं कुरवाळायचं, इथं आला तुझा पेपर, नि पुन्हा पातळ हात. पोटली ओढली जायला लागली की तिच्या तोंडाशी बेलतेलाचा, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचा, एक थेंब. पावसाळ्यात हे काम केलंस तर स्पिरिट उडताना गारवा होतो, हवेतलं पाणी पृष्ठभागावर बसतं, नि पॉलिश दुधाळ होतं. दिवाळीनंतर म्हटलं ते यासाठीही. लाखेवर गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं, ते स्पिरिटच्या जेमतेम ओल्या फडक्याच्या हलक्या स्पर्शानं जातं.

एक गोष्ट विसरायची नाही. बेलतेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकायचं नाही. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळ्यात ती उष्णता कोंडते, नि फडकं आपोआप पेट घेतं. हे थट्टेवारी नाही. काम झालं की फडकं तारेवर एकेरी पसरून वाळव, किंवा पाण्यात बुडवून मग कचऱ्यात टाक.

रोजच्या निगेला सुकं फडकं. वर्षातून एकदा मधमाशीचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून पातळ लाव, पूस. दसऱ्याला खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल चोपडायची आपल्याकडं खोड आहे. ही तेलं वाळत नाहीत, त्यांवर धूळ बसून काळा चिकटा होतो. करडईचं थोडंफार वाळतं, पण कित्येक आठवडे चिकट राहून. पायांखाली दगडाच्या चकत्या दे, रोजच्या फरशी पुसण्याचं पाणी पायाच्या तोंडातून वर चढतं.

तुझा भाऊ म्हणे हे कपाट पुढंमागं अमेरिकेला न्यायचं म्हणतो. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक किंवा कारागिरीची वस्तू 1972च्या पुरावस्तू कायद्यानं देशाबाहेर नेता येत नाही. तिचं वय त्याहून कमी असल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतो, तो आधी घ्यावा, मग कंटेनरचं बोलावं. आणि पुण्यातच आहेस तर एका रविवारी बाजीराव रोडवरच्या राजा केळकर संग्रहालयात जाऊन ये. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून जमवलेली दारं, पेट्या, अडकित्ते तिथं आहेत. घरगुती वस्तूला किती मान देता येतो ते बघ.

सांध्याचं काम स्वतःला जमणार नाही असं वाटलं तर मिस्त्री लाव. पण उक्तं काम देऊ नको. उक्त्यात माणूस घाईनं मशीन फिरवतो नि दुपारपर्यंत तुझ्या आजीचं कपाट कोरं करून ठेवतो. रोजानं ठेव, शेजारी बस, चहा दे. नांदेड-लातूरकडं सरस भिजवणारे हात अजून आहेत, म्हातारे झालेत, त्यांच्याकडं काम नाही. मजुरीत घासाघीस करू नको. आणि जमलं तर त्यांच्या हाताखाली एखादा पोरगा शिकायला बसव, त्याचाही रोज तू दे.